करकऱ्याच्या डाव्या कल्ल्यातला

गणेश पेठेत पहाटे बर्फ फोडतात
तेव्हा माझ्या पिशवीत थर्मास असतो,
थर्मासात तोलून घातलेल्या मिठाचं पाणी.
अनसूया लडकत करकऱ्याचा कल्ला उचलून दाखवते:
बघ, कुंकवासारखा लाल.
गिऱ्हाईक एवढं बघतं आणि मान हलवतं.
मी बघतच राहते.
माझ्या मागे रांग खोळंबते.

पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं,
इथं किडा हा शब्द काढायचा नाही.
म्हणून मी म्हणते, कल्ले द्या मावशी.
विळीवर मुंडकं फिरतं, कल्ले सुटतात,
मांजरांच्या वाट्याचे ते माझ्या डब्यात पडतात.
मांजरं माझ्यावर डूख धरून आहेत.

समुद्र इथून घाट उतरून चार-पाच तास.
आमच्या खोलीत तो फक्त काचेच्या बशीत, वाटीभर.
दुसऱ्या कमानीवर, डावीकडेच,
कंगव्याच्या दातात अडकलेल्या कोंड्याएवढा,
चपटा, अर्धा मिलिमीटर.
हलला तर तो,
नाही हलला तर माझी शंका.
त्याला लाल रंगवलं, अल्कोहोलच्या पायऱ्या चढवल्या,
लवंगेच्या तेलात बुडवून आरपार केलं
(खोलीला दिवसभर दात दुखल्याचा वास)
आणि काचेखाली झोपवलं, कायमचं.

मग आकडे मोजले. कडेचे चौदा, बारीक.
मधले चार, मोठे, माशाला धरून ठेवणारे.
ओळखीच्या जातीत मोठा आकडा बावन्न मायक्रॉन,
याचा एकसष्ट, आणि मुळाशी दुभंगलेला.
नऊ मायक्रॉन आणि एक भेग.
आईला फोनवर सांगितलं, नऊ मायक्रॉन!
ती म्हणाली, जेवलीस का?

इनामदार मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.
दोन नमुन्यांवर जात उभी राहत नाही, तिसरा आण.
आणि हा मासा कुठल्या पाण्यातला, ते लिही.
मावशी म्हणाली, ट्रक रात्री येतो,
हर्णै म्हणतात, कधी वेरावळ म्हणतात,
कधी नुसतंच उतरवा म्हणतात.
ट्रकवाल्या दस्तगीरला गाठलं.
करकरा ना? तो जयगडच्या बाहेर मिळाला म्हणे,
बोटीत पडल्या पडल्या करकरत होता.
मी वहीत जयगड लिहिलं. मग खोडलं.
'म्हणे'ला अक्षांश-रेखांश नसतात.

सोमवारी बाजार थंड असतो.
आकड्याचं मोठं केलेलं चित्र घेऊन गेले.
हात ओले म्हणून तिनं कागद मलाच धरायला लावला,
डोळे बारीक करून म्हणाली, हा तर नांगर.
सासरे मुठेत होडी लावायचे, त्यांचा अस्साच होता.
मग हनुवटीनं त्या भेगेकडे दाखवत:
हे फुटलंय. जोरात दाबलंस का?

घरी जाताना बस चुकली, दुसरी घेतली नाही.
काचेवर काच ठेवताना अंगठा लावते मी,
बुडबुडा निघावा म्हणून.
पहिल्या नमुन्याला लावला होता.
दुसऱ्यालाही, त्याच हाताचा.
रात्री खोली उघडून घेतली आणि पुन्हा बघितलं.
भेग होती, दोन्हीकडे,
निसर्गाची की माझी,
भिंगाला कसं विचारणार.

न दाबलेला तिसरा हवा होता.
आणि एक जून उजाडला, बोटी किनाऱ्याला ओढल्या.

आता नारळी पौर्णिमेपर्यंत
वहीत वंशाचं नाव आहे, पुढची जागा मोकळी.
मी तरी पहाटे जातेच, सवयीनं.
पाटीवर उजनीचे कटले, चकाकणारे, आळशी.
तिनं न विचारता कल्ले काढून बाजूला ठेवलेले.
समुद्राचे नाहीत गं, म्हणाली, पण घे.
मी डबा पुढे केला.
मांजरं बघत होती.